वणव्याचा आराखडा

वनखात्याने बोरटोल्याच्या लोकांना चहा पाजला, तेव्हाच फुलवंताबाई मडावीच्या मनात पाल चुकचुकली. एरवी जंगलातून हुसकावून लावणारे टेंभेकरसाहेब आज तिला चक्क ‘आई’ म्हणत होते.

अभयारण्यातल्या वणव्यांच्या आराखड्यावर म्हणे गावाचं मत घ्यायचं होतं. पण साहेबांनी ते आधीच ठरवून आणलं होतं.

“माणूस आत शिरतो, म्हणून वणवा लागतो. तेव्हा आजपासून पावसाळ्यापर्यंत गावातल्या कुणीही जंगलात पाऊल टाकायचं नाही!”

मोहफुलं नुकती पडू लागली होती आणि गावाची चूल त्यांच्यावरच पेटायची. लोक खवळून उठले. फुलवंताबाईने सगळ्यांना खाली बसवलं.

“कोणीच नाही जायचं, जी?”

“कुणीच नाही!”

तिने सुनेच्या कानात काही सांगितलं. सून निघून गेली.

थोड्याच वेळात जंगलाच्या कडेला धूर उठला.

“वणवा!” साहेब ओरडले. “अरे, बसलात काय? पळा, विझवा!”

फुलवंताबाईने हात आडवा केला. कुणीही हललं नाही.

“कसं जाणार, साहेब? आत्ताच तं बंदी केली तुम्ही. तुमचे लोक धाडा नं.”

“माझी चार माणसं काय विझवणार? बंदी रद्द! सगळ्यांसमोर सांगतो, रद्द! आता तरी उठा, आई!”

फुलवंताबाईने निवलेला चहा उचलला.

“बसा, साहेब. तो धूर माझ्याच बांधावरचा हाये. सून ओला पाला धुमसवून राहिली. जंगल पेटलं का तुम्ही हाक कोणाले मारता, तेवढं गावाले ऐकवायचं होतं.”