जिवंत टिचकीची अंत्ययात्रा

चिंचेच्या बुंध्याशी मुंग्यांचं वारूळ होतं, तेव्हाची ही गोष्ट. मेलेल्या मुंगीला बाहेर टाकताना टिचकी मुंगीच्या अंगाला मेल्याचा वास चिकटला. झालं! दोघी बहिणींनी टिचकीलाच उचललं आणि उकिरड्यावर नेऊन टाकलं.

"अगं, मी जिवंत आहे!" ती ओरडली.

"वास तर मेल्याचा येतोय. गप पड."

टिचकी तीनदा परतली. तिन्ही वेळा बहिणींनी तिला पुन्हा उचललं.

शेवटी म्हाताऱ्या मावशीने तिला जवळ ओढून चाटून चाटून स्वच्छ केलं. "मेलेली इतकी भांडत नाही गं," मावशी हसली.

पण आता तो वास मावशीच्या तोंडाला लागला होता. बहिणी तिला उचलायला धावल्या. टिचकी आडवी आली.

"खबरदार! आधी मला मावशीचं तोंड पुसू द्या, मग हुंगा."