राजेसाहेबांच्या लोणच्याची भिंत

सोनवडीचे राजे हैबतराव रागाने लालबुंद झाले होते. एवढं मोठं राज्य, पण त्यांच्या कृतीचं लोणचं एकाही घरात कुणी घालीना!

राजेसाहेबांना लोणच्यांचा भारी नाद. लिंबू, कैरी, करवंद, भोकर, हाती लागेल ते बरणीत! दर सोमवारी ते एक नवी कृती सांगत आणि रखमाजी चितारी ती चावडीसमोरच्या पांढऱ्या भिंतीवर रंगवी. पण अक्षर कसं? राजाला शोभेल असं! काना म्हणजे केळीचा खांब, वेलांटी म्हणजे मोराचा पिसारा, अनुस्वाराच्या जागी पोपट आणि सगळ्यांतून फिरणारी द्राक्षाची वेल. भिंतीवरचा पडदा सरकला की दिवाण त्रिंबकपंत पहिली "वाहवा!" म्हणत आणि मग साऱ्या दरबाराने मान डोलवायची, असा रिवाजच पडला होता. बायका मात्र भिंतीकडे कौतुकाने बघत आणि घरी जाऊन आपल्या सासूच्या पद्धतीनेच लोणचं घालत.

"अक्षर आणखी देखणं काढ!" राजेसाहेब रखमाजीवर गरजले. त्याने बिचाऱ्याने आणखी पोपट बसवले. तरी लोणचं कुणी घालीना. शेवटी हुकूम सुटला, "पुढच्या सोमवारपर्यंत एका तरी घरात माझं लोणचं मुरत पडलं नाही, तर कुंचला खाली ठेव आणि गाव सोड!"

रखमाजी घरी आला आणि पाटावरून न जेवताच उठला. जन्म ज्या गावात गेला ते गाव म्हातारपणी सोडायचं! त्याची सून भिवरा हे बघत होती. तिला सासऱ्याची दया आली आणि राजाचा संतापही आला. तिने पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, मामंजींचा हात चांगलाय. खोट अक्षराच्या नटण्यात आहे. साधं अक्षर काढू द्या."

"खोट? माझ्या पसंतीच्या अक्षरात?" राजेसाहेब ताडकन उठले. "जीभ फार चालते तुझी! मग आता ऐक. अक्षराविरुद्ध यापुढे एक शब्द बोलायचा नाही. आणि तरीही त्यात खोट आहे, हे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं! जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर सासऱ्याबरोबर तूही गावाबाहेर!"

दरबार खो खो हसला. राजेसाहेब आपला शब्द कधी मागे घेत नसत, मग आपल्याच अक्षराला नावं कशाला ठेवतील?

भिवराने क्षणभर विचार केला. "कबूल, महाराज! फक्त या सोमवारची भिंत मला रंगवू द्या."

"वेलबुट्टी?"

"दुप्पट!"

"आणि मजकूर?"

"महाराजांच्या लोणच्याचाच!"

"मग खुशाल रंगव!"

सोमवारी चावडीपुढे सगळं गाव लोटलं. पडदा सरकला आणि लोकांचे डोळे दिपले. पिसारेच पिसारे, पोपटच पोपट! अक्षर कुठं सुरू होतं आणि वेल कुठं संपते, देव जाणे!

"वाहवा!" त्रिंबकपंत गरजले. "शब्दन् शब्द खरा आहे!"

"महाराजांच्या लोणच्याविषयी इतकं नेमकं आजवर कुणी लिहिलं नव्हतं!" सेनापती म्हणाले.

"मी तर म्हणतो, हे दगडावर कोरून ठेवा!" खजिनदारांनी पुस्ती जोडली.

भिवराने हात जोडले. "महाराजांना कसं वाटलं?"

"फक्कड! असं अक्षर साऱ्या मुलखात नाही!"

"मग आज महाराजांनीच गावाला वाचून दाखवावं. केवढं भाग्य आमचं!"

राजेसाहेब खुशीत पुढे झाले. आजवर मजकूर तेच सांगत, त्यामुळे भिंत वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"रा... नाही, हा खांब दिसतोय. मग हा... छे, पोपट! आणि हे काय गं?"

"पिसारा, महाराज."

राजेसाहेब दोन पावलं मागे गेले, डोळे बारीक केले, पुन्हा पुढे आले. वेलीवरून बोट फिरवता फिरवता ते थेट भिंतीच्या टोकाला पोचले आणि तिथं एका द्राक्षाच्या घडाशी अडकले. कपाळावर घाम आला. लोक बघत होते. शेवटी त्यांचा धीर सुटला.

"अगं, या जंगलात अक्षर शोधायचं तरी कुठं? असलं अक्षर माणसानं वाचायचं कसं?"

भिवरा खाली मान घालून म्हणाली, "मी एक शब्द बोलले नाही, महाराज!"

राजेसाहेब चपापले. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. "बरं, बरं! पण लिहिलंयस तरी काय?"

भिवराने वाचलं, "राजेसाहेबांचं लोणचं इतकं खारट, की एक फोड खाल्ली तर घागरभर पाणी लागतं. ज्याला हे पटत असेल त्यानं वाहवा म्हणावं."

त्रिंबकपंतांचा चेहरा पांढराफटक पडला. सेनापती आकाशाकडे बघू लागले. खजिनदार गर्दीत मागे मागे सरकले.

"शब्दन् शब्द खरा काय, पंत?" राजेसाहेबांनी डोळे वटारले. मग भिवराकडे वळून म्हणाले, "आणि पोरी, खरं सांग. एवढं खारट असतं माझं लोणचं?"

"कुणाला ठाऊक, महाराज! आजवर कृती कुणाला वाचता आली असती, तर कुणी घालून चाखलं असतं ना!"

राजेसाहेब आधी गालात हसले, मग पोट धरधरून हसायला लागले. सगळं गाव त्यांच्याबरोबर हसलं. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं, तिने मागितलं तसं साधं अक्षर मंजूर करून रखमाजीला जन्मभरासाठी भिंतीचा चितारी नेमलं आणि ज्यांनी ज्यांनी वाहवा केली होती त्यांच्या हाती चुन्याची बादली दिली. त्याच दुपारी त्रिंबकपंत शिडीवर चढून एकेक पोपट पुसत होते आणि खाली रखमाजी ठसठशीत, साधं, सुटं अक्षर काढायला कुंचला भिजवत होता.