थांब म्हणण्याचा सराव

एकदा एका बंदराच्या गावी एक वृद्धा राहत असे. तिचे सारे आयुष्य गलबतांचे दोर वळण्यात गेले होते आणि उतारवयात तिने दोराचीच एक वेगळी शाळा काढली. या शाळेत जाणती, वयाने मोठी माणसे परस्परांच्या राजीखुशीने एकमेकांना दोरांनी बांधायला शिकत. एक जण बांधण्याची कला शिके, दुसरा स्वतःला विश्वासाने कुणाच्या हाती सोपवण्याची. हे ऐकून काही वाचकांच्या भुवया वर जातील. जाऊ देत. त्यांनी निदान गोष्ट संपेपर्यंत धीर धरावा, एवढीच विनंती.

वृद्धेला सगळे आत्याबाई म्हणत. नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी समोर बसवून सांगत, "नकोसं झालं, दुखलं, नुसता कंटाळा आला, तरी 'थांब' म्हणायचं. आणि थांब म्हटलं की दोर सुटलाच पाहिजे." समोरचा मान डोलवी आणि शिक्षण सुरू होई.

शाळेतला सर्वांत निपुण शिष्य भार्गव. त्याच्या हातचे फेरे एकसारखे पडत, गाठ जिथे हवी तिथेच बसे. तो बांधायला बसला की बाकीचे आपापले दोर खाली ठेवून बघत राहत. स्वतःचा दोर त्याने सहा महिने खपून तयार केला होता. तागाचे पेड वळले, कुसळे जाळली, तेल चोळले, तेव्हा कुठे तो मनासारखा मऊ झाला. भार्गव अभिमानाने म्हणे, "पाच वर्षं झाली, माझ्या दोरात कुणी थांब म्हटलेलं नाही." ऐकणारे कौतुकाने माना डोलवत. आत्याबाई तेवढ्या मान न डोलवता हातातला दोर वळत राहत.

पुढे शिकणारे वाढले, जागा अपुरी पडू लागली आणि वरच्या आळीत दुसरी शाळा काढायचे ठरले. ती कोण चालवणार, हे आत्याबाई एका ठरल्या दिवशी सांगणार होत्या. सगळ्यांनी ती भार्गवचीच धरली होती. खुद्द भार्गवनेही धरली होती, आणि त्याच्या चालण्याबोलण्यात ते दिसायला लागले होते.

त्या दिवशी सकाळी सगळे जमले. भार्गवने बांधण्यासाठी सुनेत्राला निवडले. सुनेत्रा शिवणकाम करून पोट भरणारी, मितभाषी बाई. गेला महिनाभर भार्गवसमोर बहुधा तीच बसत असे. "बांधू ना?" त्याने विचारले. तिने मान हलवली. भार्गवने तिचे हात पाठीशी घेतले आणि दंडावरून फेरे घालायला सुरुवात केली.

काम निम्म्यावर आले असताना आत्याबाई उठल्या. खुंटीवरची बोथट टोकाची कात्री घेऊन त्या सुनेत्राजवळ गेल्या, वाकल्या आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या. सुनेत्राने डोळे मिटून होकार दिला. आत्याबाईंनी दोन ठिकाणी दोर कापला आणि तिचे हात मोकळे केले.

भार्गवने दोराचा कापलेला तुकडा उचलला.

"आत्याबाई, सहा महिने लागले होते हो या दोराला," तो म्हणाला. "सोडला असता की मी. आणि ती थांब म्हणालीच नव्हती."

आत्याबाईंनी कात्री खाली ठेवली. त्या सुनेत्राला म्हणाल्या, "बाळ, उजवा अंगठा वर कर बघू."

सुनेत्राने प्रयत्न केला. अंगठा जागचा हलला नाही. मनगटही उचलेना, हात नुसता लोंबत राहिला.

"तू शिवलेली चोळी मी आज घातली आहे," आत्याबाई म्हणाल्या. "तुझी काजं कधी वाकडी नसत. गेले तीन आठवडे वाकडी येताहेत. आज फेरा दंडावर आला, शीर दाबली गेली आणि तुझी बोटं सैल पडली, तेव्हा माझी खात्री पटली. किती दिवस होतंय हे?"

"तीन आठवडेच," सुनेत्रा म्हणाली. "आधी हात बधिर व्हायचा, तासाभराने उतरायचं. मग दोन दिवस राहायला लागलं. सुई धरवत नाही नीट."

"मग बोलली का नाहीस गं?" भार्गवने विचारले. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, घाबरेपणा होता.

सुनेत्राने खाली बघत सांगितले, "इतकं सुंदर चाललेलं असतं. सगळे बघत असतात. तुम्हाला पाच वर्षांत कुणी थांब म्हटलेलं नाही, मी कशी म्हणू? एकदा जरा हलले तर तुमच्या कपाळाला आठी पडली. तेव्हापासून हललेही नाही."

भार्गव हातातला दोर ठेवून खाली बसला. सुनेत्राचा हात पांगळा होत होता आणि आपल्या तोंडून पहिला शब्द दोराबद्दल निघाला, हे त्याला आता ऐकू आले. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

आत्याबाई त्याच्या शेजारी टेकल्या. म्हणाल्या, "दोष तुझा एकट्याचा नाही. माझाही आहे. गाठ एकदा सांगून कुणाला येते का? शंभरदा घालून घेते मी तुमच्याकडून. आणि 'थांब' मात्र मी पहिल्या दिवशी एकदा सांगितलं आणि समजले की सगळ्यांना आलं. ते जिभेला वळण लावून शिकावं लागतं. आणि ऐकणाऱ्यालाही ते कपाळाला आठी न घालता ऐकायला शिकावं लागतं. तुला कुणी थांब म्हणालं नाही, ते तुझ्या हातात दोष नव्हता म्हणून नव्हे. तुझ्यापुढे म्हणण्याची सोय नव्हती म्हणून."

"वरची शाळा मला नको," भार्गव म्हणाला.

"ती मी तुला आज देणारही नव्हते," आत्याबाई सरळ म्हणाल्या. "पण घरी जाऊन रडत बसणार असशील तर तेही चालायचं नाही. उद्या ये."

दुसऱ्या दिवसापासून शाळेत नवा पाठ सुरू झाला. बांधणाऱ्याने एक फेरा घालायचा, समोरच्याने काही कारण नसताना 'थांब' म्हणायचे, बांधणाऱ्याने 'बरं' म्हणून सोडायचे. असे वीस वेळा, मगच पुढचे शिक्षण. पहिले काही दिवस लोकांना हसू येई. काहींच्या तोंडून शब्दच फुटेना. भार्गव मात्र हट्टाला पेटला. दोन महिने त्याने एकही बांधणी पुरी केली नाही. येईल त्याच्यापुढे बसायचा, फेरा घालायचा, थांब ऐकायचा, सोडायचा. सुरुवातीला त्याचा जबडा आवळला जाई. आत्याबाई लांबूनच म्हणत, "आठी." की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. रोज सकाळी गावच्या वैद्यांकडे सुनेत्राला हाताचा व्यायाम करायला नेण्याचे कामही, तिला विचारून, त्याने अंगावर घेतले. हात सावकाश पण पूर्ण बरा झाला.

मग एके दिवशी सुनेत्रा आपण होऊन त्याच्यासमोर येऊन बसली. "बांधा," म्हणाली. "दंड सोडून."

भार्गवने कमरेभोवती एक फेरा घातला, दुसरा घातला, तिसरा घालायला हात उचलला.

"थांब," सुनेत्रा म्हणाली. भरल्या खोलीत, सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. भार्गवला ती आजवर अहोजाहो करीत आली होती.

"बरं," तो म्हणाला आणि त्याने दोर सोडला. काय झाले, हे त्याने विचारले नाही. कपाळ कोरे होते. सुनेत्राने दोन्ही मनगटे फिरवून पाहिली आणि ती मोकळेपणी हसली. भार्गव दोराची गुंडाळी करू लागला.

शाळेच्या दारात त्या दिवशी एक बाई उभी होती. कुणी विचारले की "नुसती बघते," म्हणायची आणि निघून जायची. असे तिचे चार-पाच दिवस चालले होते. आत्ताही ती जायलाच निघाली होती. पण सुनेत्राचा तो शब्द तिने ऐकला, त्यामागोमाग सुटलेला दोर पाहिला, आणि ती पायातल्या चपला काढून आत आली.

भार्गवने आत्याबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? तिला बसायला दे. पहिला पाठ तूच सांग."