नारबामामा आणि मुका लॅपटॉप

एका गावात एक भोळा मामा होता. नाव नारबा. भोळी माणसं गावोगावी असतात हो, पण सांगितलेलं इतकं मनावर घेणारा माणूस हा एकच. फक्त एका जागचं शहाणपण तो दुसऱ्याच जागी वापरायचा.

त्याची भाची कुंदा. बोटीवर नोकरी करणाऱ्या श्रीरंगशी तिचं जुळत आलं होतं. दोघं एकमेकांना पसंत होती, थोरांचं बोलणं तेवढं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी श्रीरंगची बोट सुटणार, मग सहा महिने पत्ता नाही. म्हणून त्या दुपारी लॅपटॉपवर बैठक ठरली, आणि नेमकी सकाळीच लॅपटॉपची वाचा बसली. चित्र दिसे, आवाज नाही. कुंदाची आई शेवंता पुरणात गुंतलेली, कुंदा साडीत. तेव्हा लॅपटॉपचं नारबानं बघावं असं ठरलं. इथंच सगळं चुकलं म्हणा.

नारबानं तालुक्याच्या मुबारकभाईंना फोन लावला. मुबारकभाई लॅपटॉप दुरुस्त करायचे. ते म्हणाले, आवाज येत नाही ना, मग हेडफोनच्या भोकात धूळ बसली असेल, जोरात फुंकर मार. नारबा लॅपटॉपकडे निघाला, तर वाटेत बाजेवर कुंदाचे आजोबा बसलेले. "कुणाचा फोन रे? मला काही आवाज येत नाही," ते म्हणाले. नारबा थबकला. चुलीजवळची फुंकणी आणली, आजोबांच्या कानाला लावली आणि छाती भरून फुंकली. कानात राख गेली, आजोबा बाजेवरून खाली आले.

शेवंता पळत आली. म्हणाली, अरे मेल्या, ऐकू येत नसलं की फुंकायचं नसतं, जवळ तोंड नेऊन मोठ्यानं बोलायचं असतं.

"पुढच्या वेळी ध्यानात ठेवीन," नारबा म्हणाला.

त्यानं ध्यानात ठेवलं. लॅपटॉपच्या भोकाशी तोंड नेलं आणि ओरडला, "ए बाबा, पाहुणे यायचेत, बोलायला लाग." लॅपटॉप ढिम्म. नारबानं परत फोन लावला. मुबारकभाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, ओरडू नकोस. हेडफोनची पिन आत अडकली असेल. भोकात काही असलं की बाहेर आवाज फुटत नाही. ते उपटून काढ.

ओसरीवर शेजारच्या यमुनाबाईंचं बाळ पहुडलं होतं. तोंडात दुधाची बाटली, आवाज अजिबात नाही. नारबानं बाटली उपटली. असा काही आवाज फुटला की आळी गोळा झाली. नारबा खूश. मुबारकभाई म्हणजे देवमाणूस, असं तो जमलेल्यांना सांगू लागला. यमुनाबाईंनी त्याची सालटी काढली आणि बजावलं, गप्प पडलेल्याला हात लावायचा नसतो, पाय न वाजवता निघून जायचं असतं.

"पुढच्या वेळी ध्यानात ठेवीन."

खोलीत आला तर लॅपटॉपवर श्रीरंगचं नाव लुकलुकत होतं. आवाज मात्र नव्हता. गप्प पडलाय बिचारा, असं म्हणत नारबा चवड्यांवर बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसला. कुणी जवळ आलं की तोंडावर बोट.

कुंदा साडी नेसून आली तेव्हा ते नाव लुकलुकून लुकलुकून विझलं होतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांना वाटेल आपल्यालाच नकोय, म्हणून ती रडवेली झाली. हेडफोनची पिन तिनंच ओढून काढली, तरी आवाज नाही. मग तिनं मुबारकभाईंना फोन लावला. ते आता नारबाशी बोलायला तयार नव्हते, पण नारबा कान देऊन ऐकत होता. ते कुंदाला म्हणाले, "अडलं की बंद करायचं. थोडं थांबायचं. परत चालू करायचं. निम्मे बिघाड त्यानंच जातात." तिनं तसं केलं आणि लॅपटॉप बोलू लागला. नारबानं हे वाक्य मनात घोकून ठेवलं.

कुंदानं श्रीरंगला परत फोन लावला आणि बैठक बसली. पडद्यावर श्रीरंग, त्याची आई, वडील. सगळं गोडीगुलाबीत चाललेलं. वडील म्हणाले, "तर मग आमच्या बाजूनं..." आणि त्यांचा आवाज गेला. ओठ हलत होते, हात हलत होते, ऐकू काही येईना. कुंदाचा चेहरा उतरला. शेवंता पुटपुटली, "अगं बाई, लग्न अडलं की काय?"

नारबानं ते ऐकलं. बहिणीचा जीव टांगणीला लागलेला त्याला बघवेना. तो पुढं सरसावला, पडद्याशी तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हे लग्न आम्ही बंद केलंय."

तेवढ्यात तिकडचा आवाज आला. श्रीरंगच्या आईनं आनंदानं पेढा तोंडात टाकला होता, तो तिथंच राहिला. वडील पडद्याकडे वाकले. "बंद? अहो, पण आम्ही तर होकार दिला. आमचं काय चुकलं?"

श्रीरंगनं मामाची ख्याती कुंदाकडून ऐकली होती. तो पोट धरून हसायला लागला, तेव्हा कुठं कुंदाच्या जिवात जीव आला.

नारबानं हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

"घाबरू नका, व्याहीबुवा. थोडं थांबून परत चालूच करायचंय. विहीणबाई, तुम्ही तेवढा पेढा गिळू नका, लग्न चालू करताना लागेल."