निळारी, निळारीण आणि थोरली

खूप खूप वर्षांपूर्वी, नद्यांना अजून नावं पडायची होती तेव्हा, एका संथ नदीच्या काठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. ही गोष्ट त्या गावातल्या एका नवराबायकोची आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि लग्न झालेल्यांनी जरा जवळ सरकून बसावं.

त्या गावात कुणी हळदीचा पिवळा रंग करी, कुणी मंजिष्ठेचा लाल. आपल्या गोष्टीतला माणूस निळारी होता, म्हणजे निळीनं कापड रंगवणारा. दुपारी त्याची लुगडी काठावर वाळत पडली, की वरून उडणाऱ्या बगळ्यांना पाणी कुठं आणि कापड कुठं ते कळत नसे. वारा आला की सगळा काठ हलायचा. बघणाऱ्याचे डोळे जड व्हायचे, आणि गावात दुपारची झोप फार गाढ लागायची.

निळाऱ्याच्या अंगणात गळ्यापर्यंत पुरलेला एक मोठा रांजण होता. त्यात नीळ मुरत असे. निळाऱ्यांच्या घरांत रांजणाला माणसासारखं वागवायची रीत होती, म्हणून या रांजणाला सगळे ‘थोरली’ म्हणत. थोरली होतीही तशीच लहरी. तिला रोज मूठभर गूळ लागे, चिमूटभर चुना लागे. थंडी पडली की भोवती भुश्याची धग आणि वर गोधडी लागे. जरा हयगय झाली की ती रुसे, आणि मग कापडावर रंग म्हणून चढत नसे.

निळारी पहाटे उठला की आधी थोरलीकडे जाई. झाकण हळूच उचली, वाकून वास घेई, बोट बुडवून जिभेला लावी. "काय गं, झोप लागली का?" तो विचारी. "आज अंग गार का वाटतंय?" मग कोपरापर्यंत हात घालून तो तिला सावकाश ढवळी. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. तिच्या तोंडावर तांबूस झाक असलेला फेस फुलला, की याचा चेहराही खुलत असे.

हे सगळं त्याची बायको ओसरीवरून बघत असे.

त्यांच्या लग्नाची पहिली वर्षं फार गोड गेली होती. संध्याकाळी तो नदीवरून आला की ती त्याची पाठ चोळून देई, आणि त्या दोघांचं हसू शेजारच्या अंगणात ऐकू जाई. मग काय झालं? खरं सांगायचं तर काहीच झालं नाही. भांडण नाही, रुसवा नाही. त्या घराची एक शिस्त होती, की निळ्या हातानं घरातल्या कशाला शिवायचं नाही. दुधात रंग उतरतो, पांढरी वस्त्रं डागाळतात. आधी तो राख आणि लिंबू घेऊन हात चोळचोळून धुवायचा. पुढं काम वाढलं आणि धुण्याचा कंटाळा यायला लागला. निळे हात अंगाशी धरून तो घरात वावरू लागला. ती पाण्याचा तांब्या खाली ठेवी, मग तो उचली. होता होता हात स्वच्छ असले तरी तिला जवळ घ्यायचं त्याच्या लक्षातही येईना.

कुणी विचारलं तर तो छाती फुगवून सांगे, "आमचा संसार म्हणजे पक्का रंग आहे. कितीही धुवा, उतरायचा नाही."

निळारीण त्याला चिमटे काढी. "तुमची थोरली जेवली का? मग आता या धाकटीलाही विचारा!" तो हसे आणि पानावर बसे. तिला त्याचा राग येई, आणि रागाहून जास्त त्याची ओढ वाटे. पण हे बोलायचं कसं? त्या गावात बायका पोटाच्या भुकेबद्दल बोलत, पाठीच्या दुखण्याबद्दल बोलत. या भुकेबद्दल कुणी बोलत नसे. आपल्यातच काही वावगं आहे असं वाटून ती गप्प राही.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी ती गोधडी पांघरून चुलीपाशी बसली होती. निळारी लगबगीनं आत आला, तिच्या खांद्यावरची गोधडी त्यानं काढून घेतली आणि म्हणाला, "थोरलीला गारठा बाधेल गं." ती थोरलीवर पांघरून तो परत आला, तेव्हा बायको तशीच बसली होती.

"संक्रांतीला माझा भाऊ न्यायला येणार आहे. मीच निरोप धाडलाय," ती म्हणाली. "मी जाईन. परत येईन असं धरून चालू नका."

निळाऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकली. "अगं, पण मी काय कमी केलं? खायला आहे, ल्यायला आहे..."

"त्यात काही कमी नाही. पण तुम्ही त्या रांजणाला रोज विचारता तसं मला कधी विचारलंत, अंग गार का वाटतंय म्हणून?" ती म्हणाली. "मी जिवंत बाई आहे हो. मलाही कुणी जवळ घ्यावंसं वाटतं. तुम्हांला नाही का वाटत?"

त्यालाही वाटत होतं. पण इतक्या वर्षांनी ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो घाबरून बाजारात धावला. रेशमी लुगडं आणलं, गजरे आणले, अत्तर आणलं, मिठाई आणली. सालटं निघेपर्यंत हात धुतले. संध्याकाळी ते सगळं तिच्यापुढं ओतून त्यानं तिला एकदम मिठीत ओढलं. निळारीण लाकडासारखी ताठ झाली. तिनं त्याचा हात हळूच बाजूला केला.

"आज नको," ती म्हणाली.

तो खट्टू होऊन अंगणात थोरलीपाशी जाऊन बसला. उन्हं कलली होती आणि नदीवरून धुकं चढत होतं. अशा वेळी रांजण बोलले तर त्या काळी कुणाला नवल वाटत नसे.

"लेका," थोरली म्हणाली, "मला महिनोन्‌महिने उपाशी ठेवून एका दिवशी गुळाची अख्खी ढेप घातलीस, तर काय होईल?"

"तू नासशील."

"आणि मी गार पडले तर तू काय करतोस?"

"थोडी थोडी ऊब देतो. हलक्या हातानं ढवळतो. मग झाकून ठेवतो आणि थांबतो."

"कुठवर?"

"तू उठेपर्यंत."

"आणि मी उठले, हे कोण ठरवतं?"

निळारी जरा घुटमळला. "तूच."

"इतकं कळतंय, तर माझ्यापाशी काय बसलायस?"

"पण मला वाटलं, लग्नाचा रंग एकदा चढला की..."

"पक्का रंग कापडाला असतो, बाबा," थोरली म्हणाली. "कापडात जीव नसतो. तुझ्या बायकोत आहे." एवढं बोलून तिनं एक बुडबुडा सोडला.

दुसऱ्या पहाटे निळारी आधी बायकोच्या उशाशी बसला. "झोप लागली का?" त्यानं विचारलं. तिनं कूस त्याच्याकडे वळवली.

मग एके दिवशी त्यानं तिच्या अंघोळीच्या पाण्यात संत्र्याची सालं टाकली. एके दिवशी तेल कोमट करून तिच्या केसांना लावलं. "जोर जास्त होतोय का?" "नाही. जरा खाली. हां, तिथं," ती म्हणाली आणि तिचे डोळे आपोआप मिटले. दुपारी दोघं नदीत पाय सोडून बसू लागली. ओल्या दगडांचा वास, पाठीवर ऊन, एका ओंजळीतली बोरं. बोलता बोलता ती एकदा म्हणाली की मानेवर त्याचा श्वास आला की तिला फार बरं वाटायचं, आणि लाजून तिनं पदरात तोंड लपवलं. त्यानंही मग कबूल केलं, की पोट सुटलं, केस पिकले, आता ही आपल्याला हसेल अशी त्याला भीती वाटायची. हे तिला कधी माहीतच नव्हतं. ती हसली खरी, पण त्याला जवळ ओढून.

काही दिवस तिचं मन नसे, काही दिवस त्याचं. त्या दिवशी ती दोघं भाजलेल्या शेंगा खात गप्पा मारत. ‘नको’ म्हटल्यावर कुणाचं तोंड उतरत नसे, म्हणून ‘हो’ म्हणायलाही कुणाला संकोच वाटेनासा झाला.

एका संध्याकाळी निळारी थोरलीला ढवळत असताना निळारीण अंगणात आली. तिनं त्याचा ओला निळा हात उचलला आणि आपल्या गालावर ठेवला.

"अगं, डाग पडेल. लवकर जायचा नाही."

"मला कुठं घाई आहे?" ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला घरात घेऊन गेली.

दार त्यांनी लावून घेतलं. आपणही तिथं थांबायला नको. नदीवर धुकं उतरलं होतं, वाळत घातलेली लुगडी त्यात हळूहळू विरघळत होती, आणि कुठं पाणी संपतं, कुठं आभाळ सुरू होतं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. थोरलीचा गूळ त्या दिवशी राहूनच गेला. तिनं तक्रार केली नाही.

संक्रांतीला भाऊ गाडी घेऊन आला. "ताई, तयारी झाली का?"

"अरे, आधी बस, जेव. मी आत्ता येत नाही. उन्हाळ्यात आम्ही दोघं येऊ."

"पण तूच तर निरोप धाडला होतास!"

"धाडला होता. तेव्हा मला जायचं होतं."

भावाला काही उलगडेना. तो जेवायला बसला. निळारीण वाढत होती. निळारी तिच्याजवळून जाताना थांबला, तिच्या पाठीवर हात ठेवून त्यानं हळूच विचारलं, "दमलीस का?" ती त्या हाताला जराशी टेकली. झालं ते एवढंच. पण भावाचा घास हातातच राहिला. त्याचीही बायको घरी होती. आपण तिला हे शेवटचं कधी विचारलं, ते त्याला काही केल्या आठवेना.

ऊन उतरायचीही वाट न बघता त्यानं बैल जुंपले.

"अरे, येताना रमतगमत आलास, आणि आता एवढी कसली घाई?" बहिणीनं विचारलं.

"घरी जायचंय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. बघता बघता गाडी वळणाआड गेली.

तात्पर्य: नवराबायकोतली ओढ एकदा चढवून विसरायचा रंग नव्हे, तिला रोज थोडी ऊब द्यावी, तिचं मन विचारावं, आणि ती जागी होईपर्यंत प्रेमानं थांबावं.