मुकी पट्टी

“मग मास्तर, ती गात का नाहीत?”

धुरी मास्तर सुपारी कातरत होते.

भार्गव कुबल ओसरीवर मांडी घालून बसला होता. पहाटे पुण्याहून निघून, घाट उतरून, दुपार कलताना तो कर्ली नदीकाठच्या आपल्या गावी पोचला होता आणि घरी न जाता थेट इथं आला होता. पुण्यातल्या एका नावाजलेल्या शाळेत तो सहावी ते आठवीच्या मुलांना संगीत शिकवायचा. तो स्वतः ज्यांच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकला, ते हे धुरी मास्तर. आता ऐंशी पार केलेले. अजून तिखट कानाचे, आणि जिभेचे त्याहून.

“गायनत नाय तर करतत काय?” मास्तरांनी शेवटी विचारलं.

“ऐकतात. छान ऐकतात. गाणं संपलं की टाळ्या वाजवतात.”

“शाणी आसत.”

“चेष्टा नको, मास्तर. मी फार लांबून आलोय.”

मास्तरांनी सुपारीचा बारीक भुगा तोंडात टाकला.

भार्गवला मनातलं सगळं ओकून टाकायचं होतं, आणि त्यानं ते टाकलं. या सत्रात त्याला तीन धडे होते. लोकगीत, चिनी ऑपेरा आणि वाद्यवृंद. त्यानं कशातच कसूर ठेवली नव्हती. संगीताच्या खोलीत भिंतभर पडदा होता. चिनी ऑपेरा लावला तर नटाच्या रंगवलेल्या तोंडावरचा घामाचा थेंबसुद्धा दिसायचा. वाद्यवृंद लावला तर खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पाच पेट्या होत्या, पाचही चोख सुरात.

“पेटी गाते. पडदा गातो. मी गातो.”

“आणि पोरां?”

“...ऐकतात.”

आतून शेवंता चहा घेऊन आली. ही मास्तरांची धाकटी सून, आणि एके काळची भार्गवच्याच वर्गातली. तेव्हा ती पुढच्या बाकावर बसायची आणि भार्गवनं वेणी ओढली की मास्तरांकडे चुगली करायची. आता केस पिकले होते, पण बघण्यात तोच आगाऊपणा होता.

“पुण्याचो मास्तर रडता काय?” तिनं सासऱ्यांना विचारलं.

“अजून नाय,” मास्तर म्हणाले.

ती हसून आत गेली. भार्गवला हसू आलं नाही. खरी गोष्ट अजून सांगायची राहिली होती, आणि ती सांगायची त्याला लाज वाटत होती.

“स्नेहसंमेलन तोंडावर आलंय,” तो म्हणाला. “आमच्या मुख्याध्यापक बाई म्हणतात, गाणं बाहेरच्या गायकांकडून रेकॉर्ड करून आणा. ते लावू. मुलांनी रंगमंचावर उभं राहून नुसते ओठ हलवायचे. पालकांना काय कळतंय?”

मास्तरांचा अडकित्ता थांबला.

“आणि तू काय म्हटलंस?”

“सोमवारी सांगतो म्हटलं.”

“म्हंजे हो म्हटलंस.”

भार्गवनं चहाच्या कपात बघितलं. आपण हो म्हटलेलं नाही, असं त्याला ठासून सांगायचं होतं. पण रेकॉर्डिंगची वेळ त्यानं कालच विचारून ठेवली होती. आणि हे म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते भार्गवच्या तोंडावर लिहिल्यासारखं होतं. त्याला फार वाईट वाटलं.

“आम्ही कसे गायचो हो, मास्तर!” तो एकदम म्हणाला. “गळकी कौलं, मातीची जमीन, एक ती पायपेटी. तरी शाळा सुटल्यावरसुद्धा आम्ही गात घरी जायचो...”

आणि मग आठवणी आल्या त्या रांगेनं आल्याच नाहीत, गर्दी करून आल्या.

लावणीच्या दिवसांतलं गाणं आठवलं. *चल गो सये, तरवो काढूक, आभाळ इला दारी गो...* भाताची रोपं उपटता उपटता बायका म्हणायच्या तेच गाणं मास्तर वर्गात शिकवायचे, आणि त्यातला शेवटचा ‘गो’ असा लांबवायचे की नदीपलीकडची गुरं माना वर करायची. निदान वर्गाला तसं वाटायचं.

चिनी ऑपेराही आठवला. हो, तो त्या गळक्या शाळेतही शिकवला गेला होता. वरच्या कुठल्याशा कचेरीतून एक चित्रांचं पुस्तक आणि सोबत तबकडी आली होती. तबकडी वाजवायला यंत्र नव्हतं, म्हणून मास्तरांनी चित्र उघडून दाखवलं आणि म्हणाले होते, “हो आपलोच दशावतारी. फक्त लांबसून इलो.” देवळाच्या जत्रेत दशावतारी नाटक बघून वाढलेल्या पोरांना ते ताबडतोब पटलं. आपल्या नाटकात एकच बाकडं असतं, त्याचं सिंहासन होतं, त्याचाच डोंगर होतो. त्यांच्याकडे मेज असतं, एवढाच काय तो फरक. गावातल्या एका दशावतारी नटाकडून मास्तरांनी सफेदा मागून आणला. भार्गवच्या तोंडाला तो फासला, कारण चीनमध्ये पांढऱ्या तोंडाचा माणूस दगाबाज असतो आणि वर्गातला सगळ्यात वांड पोरगा तोच होता. त्या नाटकात एक फेरी म्हणजे लांबचा प्रवास, म्हणून त्यानं मास्तरांच्या मेजाला एक फेरी मारली आणि ओरडला, “पोचलंय!” शेवंता म्हणाली, “मेलो, इतक्यात खय पोचलो?” पेटीवर मास्तरांनी जी चाल लावली होती ती चिनी होती की मास्तरांच्या आजोळची, देव जाणे. पण सगळा वर्ग नाकातून, बारीक आवाजात, जीव तोडून गात होता.

वाद्यवृंदाला करवंट्या होत्या, पाणी भरलेल्या बाटल्या होत्या, कंगव्याला लावलेला कागद होता. भार्गवच्या हाती पातेल्याचं झाकण आणि उलथनं. ते सबंध गाण्यात एकदाच वाजवायचं, अगदी शेवटी. वाट बघून बघून त्याचे हात घामेजायचे.

आणि या सगळ्यात ती पेटी. पायानं भाता मारायची जुनी पायपेटी, आणि तिची ती एक मुकी पट्टी.

“आठवते का ती पट्टी?” भार्गव म्हणाला. आता त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. “पांढऱ्यातली एक वाजतच नव्हती. नेमकी मधली! दाबली की नुसता वारा. आणि तुमची झाडून सगळी गाणी तिथंच यायची.”

“येयत,” मास्तर म्हणाले.

“शाळा तपासायला साहेब आले होते, तेव्हा आम्ही आपसात ठरवलं होतं. चाल त्या पट्टीवर आली की सगळ्यांनी रोजच्याहून जोरात म्हणायचं. साहेबाला कळता कामा नये की आमच्या मास्तरांची पेटी मोडकी आहे.” तो हसला. “आणि साहेब जाताना काय म्हणाले? पेटी चांगली आहे हो तुमची!”

मास्तरही हसले. बिनदातांचं, आवाज न करता.

“म्हणूनच,” भार्गव उठला, “मी तुमच्यासाठी काहीतरी आणलंय.”

गाडीतून त्यानं ती आणली तेव्हा त्याला धाप लागली होती. तीच पायपेटी. शाळेच्या अडगळीत धूळ खात पडली होती. उन्हाळ्यात येऊन, शाळेला विचारून, त्यानं ती पुण्याला नेली होती आणि उत्तम कारागिराकडून दुरुस्त करून घेतली होती. नवा भाता, नवं पॉलिश. ओसरीवर ठेवली तेव्हा तिच्या लाकडात अंगणातला माड दिसत होता.

“गुरुदक्षिणा,” भार्गव म्हणाला. त्याचा आवाज जरा चढलाच होता. “आता एकही पट्टी मुकी नाही, मास्तर. त्या पट्टीची आतली रीड, ती पितळेची जीभ असते ना, ती नव्हतीच. कारागीर म्हणाला, तुटलेली नाही, कुणीतरी काढून नेलीय आणि स्क्रू जागच्या जागी परत लावून ठेवलेत. मी म्हटलं, उंदीर असतील.”

उंदीर स्क्रू परत लावत नाहीत, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पुण्यात माणूस घाईत असतो.

मास्तरांनी पेटीवरून हात फिरवला. लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मग स्टूल ओढून बसले, पाय भात्यावर ठेवले आणि वाजवू लागले.

*चल गो सये...*

बोटं वाकडी झाली होती, पण चाल सरळ होती. भार्गव डोळे मिटून ऐकत होता. चाल चढली, वळली, त्या पट्टीवर आली. पट्टी वाजली. चोख, गोल, भरदार.

पुढं सरकून चाल संपली.

भार्गवनं टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

...

भार्गवचे हात हवेतच राहिले. मग ते त्यानं मांडीवर ठेवले.

मास्तरांनी पानाचा डबा पुढं ओढला. चुन्याच्या डबीखाली एक फडक्याची पुरचुंडी होती. ती त्यांनी उलगडली. आत पितळेची एक जुनी रीड होती, हिरवी पडलेली, बोटाच्या पेराहून जरा मोठी.

भार्गवनं एकदा रीडकडे बघितलं, एकदा पेटीकडे.

“तुम्ही...?”

“तुमी तरी पयल्या दिसापासून खय गायलात?” मास्तर म्हणाले. “धोंड्यासारी बसलेलात.”

“पण आम्हाला वाटायचं पेटी मोडकी आहे! मास्तरांवर नामुष्की येईल. घरी जाऊन मी आईला सांगायचो, आज पण आम्ही मास्तरांची लाज राखली.”

“राखलात मरे. मी खय नाय म्हणतंय?”

त्यांनी पानाच्या डब्यातला छोटा चाकू उचलला, पेटीची वरची फळी काढली आणि आत वाकले.

“अहो, थांबा! नवी बसवलीय ती. किती खटपट करून—”

मास्तर थांबले नाहीत. चाकूचं टोक दोनदा निसटलं. भार्गव धावून जवळ आला, पण मदत करावी की अडवावी हे न कळून नुसता उभा राहिला. स्क्रू सुटले. मास्तरांनी नवी कोरी रीड काढली आणि भार्गवच्या तळहातावर ठेवली. स्क्रू परत जागच्या जागी लावले. फळी बसवली.

आणि पुन्हा वाजवू लागले.

*चल गो सये, तरवो काढूक...*

चाल चढली. वळली. मास्तरांच्या बोटानं ती पट्टी दाबली, आणि तिथं नुसता वारा होता.

“...गो...”

तो आवाज आपला आहे हे भार्गवला क्षणभर कळलंच नाही. पुण्याच्या खोलीत तो रोज गायचा तो हा आवाज नव्हता. हा जरा चिरका होता, जरा घाईचा, मास्तर उघडे पडू नयेत म्हणून पुढं धावणारा. आणि त्याच सुरात, त्याच घाईनं, आतून चुलीपाशी बसलेल्या शेवंतानंही ‘गो’ म्हटलं होतं. तिला कुणी हाक मारली नव्हती.

मास्तरांची बोटं थांबली नाहीत. गाणं तीन कडव्यांचं होतं. प्रत्येक कडव्यात ती पट्टी आली, आणि प्रत्येक वेळी ओसरीवरून एक आणि स्वयंपाकघरातून एक असे दोन आवाज धावून गेले. तिसऱ्या कडव्याला भार्गवचा आवाज मधेच मोडला, तेव्हा शेवंतानं एकटीनं तो पार नेला.

मग पेटी बंद झाली. भात्यातला उरलेला वारा सावकाश निघून गेला.

आतून शेवंता म्हणाली, “रडलो काय शेवटी?”



भार्गवनं डोळे पुसले. मूठ उघडून तळहातावरची रीड बघितली, आणि रुमालात बांधून खिशात ठेवली. बाहेर ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. सोमवार परवावर आला होता.

“ही तुमच्याकडेच असू दे, मास्तर,” तो पेटीकडे बघत म्हणाला. “तिकडे माझ्याकडे पाच आहेत. एकीची एक रीड काढून बघतो.”

मास्तरांनी मान हलवली.

भार्गव पायऱ्या उतरला. चपला घातल्या. अंगणात चार पावलं गेला आणि परत फिरला. पुण्याला गेल्यापासून या घरात जी बोली त्यानं तोंडात येऊ दिली नव्हती, ती आपसूक आली.

“मास्तरानु... आणि तरी पण ती पोरां गपच रवली तर?”

मास्तरांनी अडकित्ता उचलला. नवी सुपारी धरली.

“मगे आणि एक काढ.”