बाबांची भोवळ

“म्हणजे दंडवत घालायचा बंदच करू म्हणतोस?” अच्युतमुनीबाबांनी विचारलं.

“बंदच,” प्रफुल्ल म्हणाला. “काल उठता उठता तोल गेला तुमचा. ओट्याच्या कडेवर डोकं आपटायचं थोडक्यात वाचलं.”

त्या मठाची रीतच तशी होती. आलेल्यानं दंडवत घातला, की बाबाही त्याला दंडवत घालत. मग तो दुसऱ्या मठाचा महंत असो, नाहीतर पहिल्यांदाच आलेलं शेंबडं पोर. पण आता म्हातारपणी जमिनीवरून डोकं उचललं, की बाबांभोवती सगळा मठ फिरायचा.

प्रफुल्ल याच अंगणात खेळून वाढलेला. परदेशात जाऊन डॉक्टर झाला. म्हाताऱ्या माणसांना येणारी चक्कर हाच त्याचा अभ्यास. आता मात्र तिकडचं सगळं सोडून तो गावी परतला होता.

“खुर्चीवर बसा. बसूनच हात जोडा. लोकांना तेवढं पुरे.”

“लोकांना पुरेल रे...”

“बाबा, जगभर केवढं काम चाललंय यावर! आधी सगळे नुसता कान बघायचे. मग मेंदूचे फोटो काढू लागले. आता नजर, चालणं, रोजच्या गोळ्या, सगळं एकत्र बघतात.”

“म्हणजे तुमचे विद्वानही गरगरतातच म्हण की.”

प्रफुल्लला हसू आलं. “गरगरत का होईना, पुढं जातात! आता नवं काय म्हणतात, ऐका. म्हातारी माणसं पडायच्या भीतीनं हिंडणं-फिरणं सोडतात. त्यानं पायांतलं बळ जातं. आणि मग खरंच पडतात.”

“खात्रीनं?”

“अगदी खात्रीनं.”

“आणि मला सांगतोस, खुर्चीवर बसा!”

प्रफुल्लची नजर ओट्याच्या कडेकडे गेली.

“भीती मला नाही वाटत, लेका...”

तो परदेशात असताना त्याची आई न्हाणीत पडली होती. पडली ती उठलीच नाही. बाबांना ते ठाऊक होतं.

“यावर इलाज आहे का?” बाबांनी विचारलं.

“आहे. कानातले बारीक कण जागचे सुटले असणार. डोकं ठरावीक रीतीनं वळवून ते परत जागेवर न्यायचे. पण...”

“पण काय?”

“आधी चक्कर आणावी लागेल. मी तुम्हाला झटकन मागं निजवीन. डोकं पलंगाच्या काठाखाली जाईल. पडल्यासारखंच वाटेल.”

“घालवायची, तर आधी आणायची?” बाबा खुदकन हसले. “हे तर आमच्या साधनेतलं बोललास!”

ते पलंगावर बसले. त्यांचं मुंडलेलं डोकं प्रफुल्लनं दोन्ही तळव्यांत धरलं.

“फार घट्ट धरलंस रे.”

“नाही.”

“बरं.”

“काही झालं तरी डोळे मिटू नका, बाबा. मला सगळं तुमच्या डोळ्यांतच दिसणार आहे. बुबुळं कशी हलतात, त्यावरून दोष कुठं ते कळतं.”

“नाही मिटत. चल.”

त्यानं त्यांना झपकन मागं नेलं. बाबांचा हात हवेत काहीतरी धरायला गेला, आणि प्रफुल्लच्या बाहीत अडकला.

क्षणभर काहीच नाही... मग बाबांचा श्वास अडखळला.

“फिरतंय?” प्रफुल्लनं विचारलं.

“फिरतंय. आढं, दिवा, तू... सगळंच.”

“डोळे उघडे आहेत ना, बाबा?”

“माझे आहेत,” बाबा म्हणाले. “तू तुझे उघड.”